पुढचा डबा

१

दुधाच्या पावडरचा डबा काउंटरवर आदळला आणि दुकानातली बडबड थांबली. डबा आणणारी बाई गल्लीत नुकतीच राहायला आली होती. तिच्या कडेवर तान्हं पोर होतं, उलट्या करून करून मलूल पडलेलं. तिनं आरडाओरडा केला नाही. डबा तिरका करून तळाशी छापलेल्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा तुम्ही मला काल विकलात."

मुदत उलटून कित्येक महिने झाले होते.

दुकानाच्या व्यवस्थापक बाईंना सगळी गल्ली ताई म्हणत असे. ताईंनी आधी पोराच्या कपाळाला हात लावला, मायलेकरांना गाडीत बसवून डॉक्टरकडे पाठवलं आणि मगच त्या दुधाच्या कप्प्यापाशी गेल्या. पुढच्या ओळीतले आणखी काही डबे तसेच होते, मुदत संपलेले. पण ताई घाबरून सारवासारव करणाऱ्यांतल्या नव्हत्या. कप्प्याला आडवी दोरी बांधून त्यांनी सगळ्यांना बजावलं, की एकाही डब्याला हात लावायचा नाही. मग मुख्य कार्यालयाला फोनही त्यांनी स्वतःच केला.

मुख्य कार्यालयानं कुलूपबाईला पाठवलं.

तिचा खरा हुद्दा पडताळणी अधिकारी असा भारदस्त होता. पण ती जिथे जाई तिथलं दुकान बंद होई, म्हणून कंपनीत तिला हेच नाव पडलं होतं, आणि तिच्या पिशवीत खरोखरच कंपनीचं एक जाडजूड कुलूप असायचं. कंपनीनं आधी शहराबाहेर अवाढव्य बाजार काढला होता. लोक तिथे सहकुटुंब जात, गार हवा खात, ढकलगाडीत पोरांना फिरवत आणि एक खराटा घेऊन परत येत. तो बाजार बसला, तेव्हा त्याला आणि त्याच्या गोदामाला कुलूपबाईनंच कुलूप लावलं आणि किल्ल्या वर सोपवल्या. तोवर वस्त्यावस्त्यांत अशी छोटी दुकानं निघाली होती. आता नवी टूम होती फोनवरून घरपोच मालाची, आणि त्यासाठी हवी होती शटर ओढलेली गोदामं, ज्यांत गिऱ्हाईक नावाचा प्राणी पाऊलच टाकत नाही.

कुलूपबाई दुकानात शिरली तेव्हा कोणी तिला चहा विचारला नाही.

२

विभागाचे साहेब तिच्या आधीच येऊन उभे होते. माणूस हसरा, बोलका, बोटात किल्ल्यांचं जुडगं फिरवणारा. बोलता बोलता त्यांनी बिस्किटांचे मागे सरकलेले पुडे फळीच्या कडेला ओढून एका रेषेत आणले. स्वतःवरच हसत म्हणाले, की फळीवर माल लावत लावत वर आलोय, हात शिवशिवतात.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकान जुन्या वळणाचं, माणसं सुस्त, त्यातून लहान पोराच्या जिवाशी खेळ. उद्या बोभाटा झाला तर सगळ्या कंपनीचं नाव जाईल. त्यापेक्षा दुकान बंद करून इथे घरपोच मालाचं गोदाम करावं. "तुमची सही झाली की झालं," ते म्हणाले. "ताईंना समजावून सांगा, स्वतःहून राजीनामा दिला तर प्रकरण वाढणार नाही."

ताईंना समजावणं सोपं नव्हतं. त्या काउंटरमागे हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. राजीनामा देणार नाही, हे त्यांनी कुलूपबाईला बसायच्या आधीच सांगून टाकलं. काढायचं असेल तर काढा, पण मी चुकले असं माझ्या सहीनं लिहून मिळणार नाही.

मुदत संपलेल्या मालाचं काय करता, असं विचारल्यावर त्यांनी मागच्या खोलीतली हातोडी दाखवली. फळीवरून काढलेला डबा त्याच दिवशी ठोकून चेपायचा आणि पुडा असेल तर कापायचा, म्हणजे चुकूनही कोणाच्या घरी जायला नको. चेपलेले डबे कोपऱ्यातल्या पोत्यात होते. दोरीमागचे डबे मात्र गुळगुळीत होते, एकालाही पोचा नव्हता.

"आणि फळीवर माल कसा लावता?"

तेवढ्यात पलीकडच्या कप्प्यात मास्तरीणबाई कोपरापर्यंत हात घालून मागचा जॅमचा डबा ओढत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई दुकानाच्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत चिकित्सक गिऱ्हाईक. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"नियमाप्रमाणे. जुना पुढे, नवा मागे."

कुलूपबाईला हे उत्तर तोंडपाठ होतं. कंपनीच्या प्रत्येक दुकानात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, म्हणजे जुना माल आधी खपतो. तरी सवयीनं तिनं जॅमच्या तारखा पाहिल्या. मग तेलाच्या. मग साबण, बिस्किटं, लोणची. एकेक कप्पा पाहत ती टोकापर्यंत गेली आणि जागीच थांबली. सगळीकडे नवा माल पुढे होता आणि जुना मागे.

ताई तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलल्या होत्या.

३

खोटं बोलणाऱ्या माणसाला लगेच पकडायचं नाही, हा कुलूपबाईचा शिरस्ता होता. तिनं पैलवानाला बोलावलं. फळ्या लावण्याचं काम त्याचं, आणि नाव पैलवान असलं तरी माणूस सुतळीसारखा. गेल्याच महिन्यात ताईंनी त्याची रजा नाकारली होती आणि त्यानं दुकानभर तोंडसुख घेतलं होतं. ते तो नाकारत नव्हता. ताईंवर राग आहेच, तो म्हणाला, पण तो ताईंच्या तोंडावर काढीन, पोराच्या दुधावर कशाला काढू.

गेल्या काही दिवसांत वेगळं काय घडलं, यावर त्यानं डोकं खाजवून एवढंच सांगितलं, की आठवड्यापूर्वी साहेबांनी मागच्या खोलीत सगळ्यांची बैठक घेतली. नव्या काळात कसं बदलायचं यावर भाषण होतं. मध्येच साहेबांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले, तेव्हा सगळ्यांना जरा डुलकी काढता आली. पुढे काउंटरवर एकटी गल्लेवाली होती आणि तिच्यापुढे रांग होती.

कुलूपबाई पुन्हा दोरीपाशी गेली. रुमालानं धरून तिनं पुढचा एक डबा उचलला. झाकणावर बोट फिरवलं, तर मधोमध काहीतरी चिकट लागलं. गोल डाग होता, जुन्या डिंकाचा, त्यावर धूळ बसून काळा पडलेला. दुसऱ्या डब्यावरही तसाच. मागच्या चांगल्या डब्यांची झाकणं मात्र स्वच्छ.

हा डाग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. शहराबाहेरच्या बाजारात चोऱ्या फार व्हायच्या, म्हणून महागड्या डब्यांच्या झाकणांवर चकत्या चिकटवत. तसाच डबा घेऊन दाराबाहेर गेलं की भोंगा वाजे. बाजार मिटला तेव्हा तिच्यासमोरच त्या चकत्या ओरबाडून काढल्या होत्या. या दुकानात चकत्या नव्हत्या. पोराचं दूध नेणाऱ्या आईला चोर समजायचं नाही, असं म्हणून ताईंनी त्या आल्या तशा परत पाठवल्या होत्या.

म्हणजे डबे त्या मेलेल्या बाजारातून आले होते. या दुकानात त्या बाजारातून आलेलं कोण आहे, असं तिनं पैलवानाला विचारलं.

पैलवानानं मान खाली घातली आणि काउंटरकडे बोट केलं.

४

गल्लेवाली तरुण होती, पण डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती. हो, त्या बाजारात होते, ती म्हणाली. तो बंद झाला आणि सगळ्यांना एका दुपारी घरी पाठवलं. "तिथून मी माझा जेवणाचा डबा घेऊन निघाले. तोही दारात उघडून दाखवायला लावला होता. आता तुम्हीही माझी झडती घ्या, सवय आहे मला."

कुलूपबाईला ते लागलं. झडती न घेता तिनं फक्त विचारलं, की इथे येऊन किती काळ झाला आणि सकाळी फळ्या कोण लावतं. वर्ष होत आलं, असं उत्तर आलं. सकाळी सगळेच लावतात, तीही लावते. सुरुवातीला ती चुकीचं लावायची, ताईंनी हात धरून शिकवलं. काय शिकवलं, हे विचारल्यावर मात्र तिनं ताईंकडे पाहिलं आणि मूग गिळले.

सगळं दुकान कशावर तरी पांघरूण घालत होतं. कुलूपबाई वैतागून बाहेर पडली आणि समोरच्या किराणा दुकानात गेली.

तिथले काका म्हणजे गल्लीतले मूळ वाणी. कंपनीचं दुकान आलं तेव्हा त्यांनी महिनाभर ताईंशी अबोला धरला होता. त्यांच्याकडे गिऱ्हाईक आत शिरतच नाही, लाकडी काउंटरपलीकडून मागतं आणि काका हवं ते हवं तेवढं मोजून देतात. संशय घ्यायला इतकं सोयीचं माणूस दुसरं नव्हतं. ताईंचं दुकान बंद झालं तर तुमचं फावेल ना, असं तिनं तोंडावर विचारलं.

काकांनी तराजू खाली ठेवला. "बाई, मला वाटायचं तसं. पण ते दुकान आलं आणि गल्लीत माणसं फिरायला लागली. तिथे पुड्यातलं घेतात, इथे सुटं घेतात. त्यांच्याकडे उधार नाही, माझ्याकडे आहे. आता तिथे शटर ओढून गोदाम केलंत तर इकडे पायरी चढणार कोण? गाडीवर बसून सुसाट जाणारी पोरं माझ्याकडून काय पावशेर गूळ घेणार आहेत?"

मग जरा थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. आठवड्यापूर्वी एक जण गाडीतून स्वतः खोकं उचलून ताईंच्या दुकानात शिरला होता. पाठमोरा होता, तोंड दिसलं नाही. पण पायांत चकचकीत बूट होते, आणि असे बूट घालणारा माणूस ओझं उचलत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

चकचकीत बूट साहेबांचे होते. पण दुधाच्या कंपनीचे विक्रेतेही तसेच बूट घालून येतात, हे कुलूपबाईला ठाऊक होतं. बुटांवरून कोणाला धरता येणार नव्हतं. त्याआधी ताईंकडून खरं काढायला हवं होतं.

५

मागच्या खोलीत तिनं ताईंना समोर बसवलं आणि दार लावून घेतलं. तुमच्या दुकानातला प्रत्येक कप्पा उलटा आहे आणि तुम्ही मला खोटं सांगितलंत, हे तिनं सरळ म्हटलं. ताईंनी दाराकडे पाहिलं, बाहेर कोणी नाही याची खात्री केली आणि पदरानं तोंड पुसलं.

"उघडलं तेव्हा नियमानंच लावत होते हो. पण या गल्लीत पुढचा डबा कोणी घेतच नाही. दुकानदार शिळं पुढे करतो, हे सगळ्यांना पाठ. हात घालायचा तो थेट मागे. मग पुढचा माल पुढेच राहायचा आणि मुदत संपून जायचा. पोतीच्या पोती फेकल्या मी. शेवटी नियमच उलटा केला. नवा पुढे, जुना मागे. आता हात घालतात, मागचा ओढतात आणि आपण दुकानाला कसं फसवलं म्हणून खुशीत घरी जातात. माल मुदतीतलाच असतो, एकदाही त्याबाहेरचा दिला नाही. फेकायला काही उरत नाही, म्हणून तर दुकान नफ्यात आहे."

वरून येणारे साहेबलोक फक्त पुढची तारीख वाचतात, ती ताजी असते, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नव्हता. कुलूपबाईला हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी ते मावळलं. ती उठून दोरीपाशी गेली, डब्यांच्या तारखा पुढून मागे वाचत गेली आणि परत आली.

"या कप्प्यात जुने पुढे आहेत. मग मागे नवे, त्यामागे त्याहून नवे. एकही मागेपुढे नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "बघताक्षणी कळलं. हा कप्पा आमच्यातल्या कोणी लावलेलाच नाही, आणि दुधाचा नवा माल आला नाही म्हणून आठवडाभर कोणी त्याला हातही लावला नाही. गल्लीतल्या बायका आठवडाभर मागचे ताजे डबे नेत राहिल्या, म्हणून बोंब झाली नाही. ती बिचारी नवी, कडेवर पोर, एकच हात मोकळा. तिनं पुढचा घेतला."

"मग हे मला आधीच का नाही सांगितलंत?"

"मास्तरीणबाईंच्या देखत?" ताई म्हणाल्या. "नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण ताईनं आपल्याला इतकी वर्षं गंडवलं, हे या बायकांना कळलं तर या गल्लीतून मान वर करून चालायची नाही मी."

कुलूपबाई म्हणाली, की उद्या सकाळी भर दुकानात ते सांगावं लागेल. नाहीतर कुलूप लागेल.

६

सकाळी दुकान गच्च भरलं होतं. बाळाची आई आली होती. पोर आता बरं होतं आणि ताईंच्या बांगड्या ओढत होतं. काका आपलं दुकान उघडं टाकून आले होते. साहेब दारापाशी जुडगं फिरवत उभे होते.

कुलूपबाईनं वेगवेगळ्या तारखांचे बिस्किटांचे पुडे टोपलीत मिसळले आणि चौघांना एकेक रिकामा कप्पा दिला. पैलवानानं नवे पुढे लावले. गल्लेवालीनंही तसेच, हाताकडे न बघता. काकांनी तारखा न वाचताच सगळे पुडे कप्प्यात रचून हात झटकले. साहेबांनी हसत बाह्या सरसावल्या आणि बघता बघता कप्पा लावून दाखवला. जुना पुढे, नवा मागे, सगळे पुडे कडेला एका रेषेत.

"नियमाप्रमाणे," ते म्हणाले. "बाकीच्यांनी चुकीचं लावलंय."

"ताई, तुम्ही बोला," कुलूपबाई म्हणाली.

ताई पुढे आल्या. त्यांनी मास्तरीणबाईंकडे बघूनच बोलायला सुरुवात केली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. मागचा माल जुना असतो, हे. तो मुद्दाम तिथे ठेवते, हे. आणि कोपरापर्यंत हात घालणाऱ्या प्रत्येकीला गालातल्या गालात हसून बिल देते, हेसुद्धा. ताई मान खाली न घालता उभ्या राहिल्या.

मग कुलूपबाई साहेबांकडे वळली. नियमानं लावणं हा गुन्हा नाही, ती म्हणाली. पण या अख्ख्या दुकानात नियमानं लावलेला कप्पा एकच होता, दुधाचा. इथल्या कोणाचाही हात तसा चालत नाही. काकांना माल तारखेवार लावायची सवयच नाही, आणि दुधाचे विक्रेते फक्त आपला नवा माल देऊन जातात. तो कप्पा लावणारा माणूस कंपनीच्या फळ्यांवर शिकलेला होता, पण या दुकानात कधी राबलेला नव्हता. बैठकीतून फोनच्या निमित्तानं तो बाहेर आला, गाडीतलं खोकं आणलं आणि डबे मांडले. साहेब माल नीट करतायत यात गल्लेवालीला काय वेगळं वाटणार? नुसते पुढे डबे टाकून गेला असता तर कदाचित सापडलाही नसता. पण हात शिवशिवले आणि त्यानं सगळा कप्पा तारखेवार लावून टाकला.

साहेबांचं हसू जरा आखडलं. कंपनीत असे शेकडो लोक आहेत, ते म्हणाले.

"आहेत. पण डब्यांवर त्या बाजारातल्या चकत्यांचा डिंक आहे. उरलेला माल तिथल्या गोदामात होता, नष्ट करायचा म्हणून ठेवलेला. त्या गोदामाला कुलूप मी लावलं, साहेब. आणि त्याची एकुलती एक किल्ली ज्या हातात दिली, तो हात मला अजून आठवतो."

जुडगं फिरायचं थांबलं. त्यात एक जाडजूड पितळी किल्ली होती. कुलूपबाईनं पिशवीतून आपलं कुलूप काढून काउंटरवर ठेवलं. कुलपाच्या पोटावर होता तोच कंपनीचा शिक्का किल्लीच्या डोक्यावर होता.

"तुम्हाला इथे गोदाम हवं होतं, पण नफ्यातलं दुकान बंद करायला वरचे तयार होईनात," ती म्हणाली. "म्हणून ते आधी बदनाम करायचं ठरलं. त्यासाठी पोराचं दूध वापरलंत."

बाळाची आई साहेब आणि दार यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

साहेबांनी मग नाकारलं नाही. उलट तुच्छतेनं बोलले. "आज वाचवाल. दोन वर्षांनी कोण येणार आहे इथे हात घालायला? असली दुकानं मरणारच आहेत."

"मरेल तेव्हा मरेल," ताई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं नाही तर मी स्वतःच्या हातानं शटर ओढीन. तुमच्या विषानं नाही मरू देणार."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांचे डोळे मास्तरीणबाईंवर होते. त्या मघापासून हातातला जॅमचा डबा न्याहाळत होत्या.

"म्हणजे मी इतकी वर्षं दंडाला खरचटून घेऊन जुनंच नेत होते?"

"हो," ताई म्हणाल्या.

मास्तरीणबाईंनी तारीख वाचली, पुन्हा वाचली. मग डबा काउंटरवर ठेवला. "कधी खराब मात्र निघालं नाही," त्या रागानंच म्हणाल्या. "करा बिल."

७

मुख्य कार्यालयानं फोनवर गोड आवाजात सुचवलं, की घरातलं घरात मिटवू. साहेबांना दुसरीकडे पाठवू, बोभाटा नको म्हणून दुकानही यथावकाश बंद करू, तुम्ही फक्त सही करा. कुलूपबाईनं सांगितलं, की सही होणार नाही. अन्न तपासणी खात्याला ती सगळं कळवून बसली होती, आणि बाळाच्या आईनं तक्रार थेट साहेबांविरुद्ध केली होती. यापुढे कुलूप लावायला दुसरं कोणी शोधा, असंही तिनं ऐकवलं आणि फोन ठेवताना तिला अनेक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

काही दिवसांनी ती नुसतीच गिऱ्हाईक म्हणून त्या दुकानात गेली. चहा न विचारताच समोर आला. गर्दी होती, आणि प्रत्येक कप्प्यापुढे बायकांची फार मोठी पंचाईत झालेली दिसत होती. हात पुढच्या पुड्याकडे जाई, थबके, मागे जाई, परत येई.

कुलूपबाईनंही बिस्किटांपाशी जरा वेळ काढला. शेवटी ती काउंटरपाशी येऊन ताईंच्या कानाशी वाकली आणि विचारलं, की आता जुना कुठे ठेवता.

"सगळा मुदतीतला आहे," ताई मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "कुठलाही घ्या."

मास्तरीणबाईंनी वळून पाहिलं. मग बाही वर सारली आणि मधला पुडा ओढला.

ताईंनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं आणि बिल करायला घेतलं.